‘मुंबईला हाय’ म्हणजे कामावर

निवृत्तीनंतर मला एक काम मिळालं. शाश्वत विकासाची उद्दिष्टं आपल्याकडच्या तरुणांपर्यंत कितपत पोचली, ते मोजायचं. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत घरोघर जाऊन प्रत्येक तरुणाच्या नावापुढे खूण करायची: शिकतो, कामावर आहे, की दोन्ही नाही.

आमच्याकडे बाहेर गेलेल्या मुलाबद्दल विचारलं की एकच उत्तर येतं, ‘मुंबईला हाय.’ त्यापुढे विचारायची रीत नाही. तिथे तो काय करतो, हे विचारणं म्हणजे घराची झडती घेतल्यासारखं. मीही विचारलं नाही. ‘मुंबईला’ ऐकलं की ‘कामावर’ खूण करायचो.

एका घरी आई ओटीवर नाचणी पाखडत होती. मुलगा माझ्याच शाळेत शिकलेला.

‘मुंबईला हाय गुरुजी,’ सुपावरची नजर न काढता ती म्हणाली.

दाराशी त्याच्या चपला होत्या. आत कुणीतरी खोकलं.

‘मुंबई लय जवळ आली गो तुझी,’ पलीकडच्या ओटीवरून शेजारीण म्हणाली.

सूप थांबलं. मी मान खाली घालून ‘कामावर’ खूण केली. तिची अब्रू राखली, असं तेव्हा वाटलं. चहा पिऊन उतरलो.

पुढे महाडला वेल्डिंगचा मोफत वर्ग निघाला. आमच्या पाहणीत ज्यांच्यापुढे ‘दोन्ही नाही’ होतं, त्यांनाच घेणार होते. तो मुलगा गेला, तसाच परत आला. तिथून थेट माझ्या घरी.

‘गुरुजी, मी कामाला कुठं लागलोय तेवढं सांगा. उद्यापासून जातो.’

तो हसत नव्हता. मी म्हणालो, ‘वर ऑफिसात कुणीतरी चुकलं असेल.’

वर कुणी चुकलं नव्हतं. चपला मी पाहिल्या होत्या.

चार वर्षं हे कुणाला बोललो नाही. झोप लागत होती, जेवण जात होतं. गेल्या आठवड्यात वाडी चढून गेलो आणि त्याच्या आईला सगळं सांगितलं.

‘मीच तसं सांगितलं हुतं,’ नाचणी पाखडता पाखडता ती म्हणाली.

‘तो आत आहे, हे मला कळलं होतं.’

‘मला म्हाईत हाय ते.’

मी विचारलं, ‘आता कुठे असतो?’

‘मुंबईला हाय.’

दाराशी चपला नव्हत्या. मग मी पहिल्यांदाच पुढचं विचारलं, ‘काय करतो तिथे?’

तिने सूप खाली ठेवलं.

‘म्हाईत नाय गुरुजी. दिवाळीपासून फोन नाय.’