फक्त वाचत राहिलेला प्रोग्राम

"साहेब, तुमचं यंत्र काहून बोलून नाही राह्यलं? गंजी आतून तापली!"

पांढरकवड्याजवळच्या जिनिंगमधून फिटर रफीकभाई फोनवर ओरडत होते. जुन्या सवयीने त्यांनी कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला होता आणि तो पोळला होता. त्याच गंजीच्या सावलीत सहा बाया डबे सोडून बसल्या होत्या. यवतमाळला माझ्यासमोरचा धोक्याचे इशारे दाखवणारा स्क्रीन मात्र कोरा होता.

"बायांना आधी उठवा!"

"उठवलं. गंजी फोडून राह्यलो."

कापसाची ती वर्षे पडतीची होती. मालकांनी गंजी तपासणारी माणसे कमी करून सेन्सर बसवले होते. सेन्सरचे आकडे अखंड येतात. अशा न संपणाऱ्या ओळीला आम्ही स्ट्रीम म्हणतो. त्यावरून 'ठीक' किंवा 'धोका' हा निर्णय वारंवार द्यायचा असेल, तर प्रत्येक निर्णय मोजक्या आकड्यांवरच झाला पाहिजे. गणितात याला सतत फलन म्हणतात. टाइप थिअरीत, म्हणजे प्रोग्रामची अचूकता गणिताने पारखणाऱ्या शास्त्रात, त्याची मांडणी दोन आज्ञांनी होते: 'वाच' आणि 'लिही'. प्रोग्राम या मांडणीत बसतो का, हे चेकर नावाचा दुसरा प्रोग्राम तपासतो. या मांडणीची व्याख्या माझी होती आणि पास झालेल्या प्रोग्रामच्या प्रमाणपत्रावर सहीही माझीच.

प्रोग्राम पुण्याच्या अश्विनीताईंचा. आज्ञा अशी होती: तापमान चढत असेपर्यंत वाचत राहा, स्थिरावले की निर्णय लिहा. म्हणजे आग जितकी वाढेल, तितका प्रोग्राम गप्प! माझा संताप अनावर झाला. करारातील सदोष कामाबद्दलच्या कलम सातचा आधार घेऊन मी तत्काळ त्यांच्या नावे नोटीस तयार केली आणि त्यांना फोनवर वाचून दाखवली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "सर, तुमच्याच चेकरने पास केलाय."

"म्हणजे चेकर मूर्ख?"

"चेकर नाही, सर. तुमच्या व्याख्येत 'वाच'ला शेवट कुठे आहे?"

मी व्याख्या उघडली. 'लिही' अनंत वेळा चालावे, हे योग्यच. निर्णय कधी थांबता कामा नयेत. परंतु दोन 'लिही'मधील 'वाच' संपलेच पाहिजेत. मी दोन्ही आज्ञा एकाच अनंत कोशात, म्हणजे कधीच न संपणाऱ्या एकाच आवर्तनात, बसवल्या होत्या. जन्मभर नुसता वाचणारा आणि एक शब्दही न लिहिणारा प्रोग्राम माझ्या कायद्याने निर्दोष ठरत होता.

'वाच'ची साखळी मी आतल्या वेगळ्या कोशात सांत, म्हणजे शेवट असलेली, म्हणून बांधली. त्याच क्षणी चेकरने तो प्रोग्राम फेटाळला. अश्विनीताईंनी दर वीस आकड्यांनंतर निर्णय लिहिणारा नवा प्रोग्राम पाठवला.

मी जिनिंगवर पोहोचलो. गंजीचा गाभा काळा पडला होता. बाया सुखरूप होत्या. हाताला पट्टी बांधलेले रफीकभाई मला पाहून म्हणाले, "साहेब, या सह्या-प्रमाणपत्रांच्या चिठ्ठ्या कमी लिहा. कधी गंजीतही हात घालून पाहा."

नोटीस मी फाडली नाही. मजकुराचे एक अक्षरही न बदलता फक्त वरचे अश्विनीताईंचे नाव खोडले, तिथे माझे लिहिले आणि प्रत मालकांना दिली. तेव्हापासून कोणत्याही प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी मी एकच पाहतो: वाचणे कुठे थांबते.