धुऊन, इस्त्री करून परत आलेलं फडकं

यूनुस गेल्याचा फोन आला तेव्हा मी डबीत आठवड्याच्या गोळ्या भरत होतो. त्याच्या मुलीचा फोन. "अंकल, अब्बा नहीं रहे," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि बुधवारच्या कप्प्यात गोळ्या टाकत राहिलो... या वयात असले फोन इतके येतात की रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं, आणि ते उरलेलं नाही. शिवाय यूनुसशी मी नऊ वर्षं बोललो नव्हतो. न बोलणारा मीच. तो बोलायला कधीही तयार होता.

आम्ही दोघं इथल्याच कला महाविद्यालयात एका बाकावरचे. वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकात त्याला 'दादा' चळवळ सापडली आणि पोरगं हातचं गेलं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी झुरिकमधे जमलेली काही तरुण मंडळी. त्यांचं म्हणणं असं, की सुंदर चित्रं बघून माना डोलावणाऱ्या याच सुसंस्कृत लोकांनी एवढी माणसं मारली, तर चुलीत घाला तुमची ती कला. कुणी पिशवीत शब्दांचे कपटे हलवून कविता काढायचं, पुढं एकानं तर मुतारीचं भांडं प्रदर्शनाला पाठवलं. आपल्याकडं दादा म्हणजे थोरला भाऊ, नाहीतर गल्लीतला गुंड. या दादांना यूनुसनं दोन्हीचा मान दिला. वार्षिक प्रदर्शनात त्यानं वसतिगृहाचा फुटका माठ ठेवला, तर शिपायानं सकाळी झाडून टाकला. मी हळहळलो. हा मात्र खूश! "मास्तर, तो शिपाईच खरा समीक्षक," म्हणाला. मी मास्तर व्हायच्या आधीपासून तो मला मास्तरच म्हणायचा.

पुढं मी खरंच मास्तर झालो. सिल्लोडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची, रोज एसटीनं अप-डाऊन. त्यानं इथंच उस्मानपुऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम थाटलं आणि फ्लेक्स येईपर्यंत बरं चालवलं. रविवारी मी जलरंग घेऊन वेरूळला जायचो. खांब, सावल्या, हत्ती, परत खांब. कधीकधी तोही यायचा आणि माझ्याशेजारी बसून नुसते शेंगदाणे खायचा. "अरे, हे डोंगर खोदणाऱ्यांनी करून ठेवलंय की. तू कायकू परत करतोय?" मी चिडायचो. कुंचला पुसायला माझ्याकडं एक फडकं होतं, आईच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचं. किती वर्षं तेच वापरलं कुणास ठाऊक. यूनुस त्या फडक्याकडं बघत बसायचा, चित्राकडं नाही.

निवृत्तीनंतर माझं पहिलं आणि शेवटचं प्रदर्शन झालं. आदल्या दिवशी चित्रं टांगायला यूनुसच होता. दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेले प्रमुख पाहुणे एकेका वेरूळपुढून "छान, छान" करत निघाले आणि कोपऱ्यातल्या एका चौकटीपुढं थबकले. "इथं मात्र चित्रकार मोकळा झालाय," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढं होऊन बघितलं. काचेमागं माझं रंगांनी माखलेलं फडकं! खाली यूनुसच्या झोकदार अक्षरात पाटी: 'मास्तरची चाळीस वर्षं'. मागं वळलो, तर हा पठ्ठ्या भिंतीला टेकून डोळे पुसत हसतोय.

चारचौघांत मी त्याला नको ते बोललो. "पाट्या रंगवणाऱ्याला काय कळतंय," असंही बोललो. त्याचं हसू तिथंच थांबलं. त्यानं चौकट काढली, काखेत मारली आणि निघून गेला. आता तो नाही, तर खरं सांगून टाकतो. जवळ जायच्या आधी, ते काय आहे हे कळायच्या आधी, लांबून मलाही त्या भिंतीवरचं तेवढंच चित्र आवडलं होतं. राग त्या आवडण्याचाच होता. त्या दिवसानंतर मी कुंचला हातात धरला नाही.

दर ईदला त्याच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा. कुणाचा डबा रिकामा परत पाठवू नये, हे आईनं शिकवलेलं. मी नऊही वर्षं रिकामाच पाठवला... दहावा डबा आला नाही, त्याच्या आधी फोन आला.

चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाला त्यांच्याकडं गेलो. दुकानाच्या भिंतीवर ती चौकट होती, पण आत काही नव्हतं. शमीमभाभींनी, त्याच्या बायकोनं, वर्तमानपत्रात बांधलेली घडी माझ्या हातात दिली. गेलेल्या माणसाकडं कुणाची वस्तू राहिली असेल तर ती पोचती करायची, नाहीतर त्याच्यावर बोजा राहतो, ही त्यांच्याकडची रीत. "भाईसाब, ये आपकी अमानत. बोलते थे, पूरे हॉल में मास्तर बस इसमेंच है. बहुत मैला था, मैंने तीन पानी से धोया."

उघडलं. पांढरं स्वच्छ, चार घड्यांची कडक इस्त्री. चाळीस वर्षांचे जलरंग मोरीतून वाहून गेलेले. एका काठाला गेरूचा पुसट डाग, बाकी नुसतं आईचं लुगडं. अरे देवा! मला एकाएकी इतकं हसू आलं की भाभी घाबरल्या. मग त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. "कुछ ग़लत हुआ क्या?" त्या विचारत होत्या. "नाय भाभी," म्हणालो, "तो असता तर खरी समीक्षक म्हणून तुमच्या पाया पडला असता." त्यांना काय कळलं असेल देव जाणे. मी मात्र त्या रिकाम्या चौकटीपुढं हात जोडले आणि पाट्या रंगवणाऱ्याची माफी मागितली. नऊ वर्षं उशिरा.

घरी येऊन रंगाची पेटी शोधली. वड्या वाळून तडकलेल्या, पाणी घातल्यावर हळूहळू सुटल्या. खिडकीतून दिसणारी समोरच्यांची पाण्याची टाकी काढायला घेतली. धड जमली नाही. मग कुंचला पुसायची वेळ आली. फडकं मांडीवर होतं, इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. घडी उलगडून गेरूच्या डागाची बाजू वर घेतली. मग पुसला.