काळी माती गिळते तेव्हा

मातीत काम करणाऱ्याकडे किस्से गाळासारखे साठतात. चहाला चार माणसं जमली की मी एक सांगतो, अन् त्याला चिकटून दुसरा निघतो. आमचे बहुतेक भीतीचेच! दुसरी मोठी लढाई चालू होती, त्या वर्षांत मी कामरगाव-धनज भागात बांध घालणाऱ्या टोळीवर ओव्हरसियर होतो. पावसानं माती वाहून जाऊ नये म्हणून उताराला आडवे बांध. काम साधं, पण माती वऱ्हाडातली काळी!

*

उन्हाळ्यात ही माती अशी तडकते की भेगेत गुडघाभर पाय जावा. एकदा मोजणीच्या साखळीचं टोक भेगेत पडलं. हत्यारांना धार लावणारा आमचा रहीमचाचा ओढायला गेला. साखळी येईना. मग ती आपोआप आत सरकली!

"या अल्ला! साहेब, खालून कोनी तरी ओढून राह्यलं!"

टोळी पळाली. मीही. बाभळीखालून बघतो तर भेगेतून भलीमोठी घोरपड निघाली, अन् पायात अडकलेल्या साखळीसकट थेट आमच्याकडेच!

पळता पळता चाचा ओरडला, "मोजनी करून राह्यली रे!"

*

माती तपासायला खोल खड्डा खणायचा. वर काळी, मग चुनखडीचे खडे, मग मुरूम, तळाशी खडक. पण गावात वेगळीच बातमी गेली: बांध टिकावा म्हणून सरकार माणूस पुरतं! आयांनी पोरं घरात कोंडली. लोक काठ्या घेऊन आले. पाटलांनी विचारलं, "मानसाच्या मापाचा खड्डा कायले?"

चाचाला वाटलं, हसवून वेळ मारून न्यावी. तो खड्ड्यात उतरून आडवा झाला. "पाहा पाटील, मले तं आखूड पडते!"

पाटील मागे सरकले. "म्हंजे मापं घेनं चालू झालं!"

*

असल्याच एका खड्ड्याची भिंत पावसानंतर ढासळली. आत गंगाराम होता, आमचा खोदणारा. गळ्यापर्यंत गाडला गेला. ओली काळी माती छाती आवळते, श्वास घेऊ देत नाही. फावडं त्याला लागेल म्हणून आम्ही हातांनी उकरत होतो. माझी नखं तुटली, कळलंही नाही. छाती मोकळी झाली तसा तो पुटपुटला. मी कान लावला.

"बायकोले सांगू नोका. पुन्हा गाडन!"

*

गावातल्या तुळसाबाईच्या वावरावरचा बांध टिकला, पण कसा, ते ऐका.

भादव्यात पावसाची झड लागली होती. वरच्या शेतात पाणी तुंबून नामदेवची कपाशी बुडत होती. तो बांध कापायला फावडं घेऊन आला. कापला असता तर लोंढ्यानं खालचं तुळसाबाईचं वावर धुऊन नेलं असतं. तिला तेवढंच वावर.

ती येऊन बांधावर बसली, तो कापणार होता नेमकी तिथं.

"नामदेवा, काप. पयले मले."

तिच्याखालून पाणी झिरपायला लागलं होतं. मी तिकडं धावलो. "मावशी, उठा! जीव जाईल! मातीचं काय, पुन्हा होईल!"

"कवा?"

खोटं बोलवेना. "खडकाची माती व्हायला... पिढ्यान्‌पिढ्या जातात."

तिनं बोटं चिखलात रोवली. "मंग उठू कशी?"

नामदेवनं फावडं वर उचललं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो तिच्या पायाशी बांधाला मातीची भर घालत होता.