जांभई देणारे पी.टी. सर

अनोळखी कुत्रं अंगावर आलं की आमचे पी.टी. सर जांभई द्यायचे. भर रस्त्यात, तोंड पसरून. मग त्याच्याकडं अर्धी पाठ करून कट्ट्यावर बसायचे. कुत्रं गोंधळायचं, वास घ्यायचं आणि थोड्या वेळानं शेजारीच लवंडायचं. "जांभई दिली की त्यांच्यात 'भांडण नको' असं असतंय," सर सांगत. वडगावात आम्ही आधी हसलो, मग आपापली पिल्लं घेऊन त्यांच्या दारात गेलो.

शाळेत त्यांच्या शिट्टीनं मैदान गप्प व्हायचं. निवृत्तीनंतर ते परेड घ्यायचे ती पिल्लाच्या मालकाची. चपला चावणाऱ्या पिल्लाच्या मालकाला म्हणायचे, "दात शिवशिवत्यात त्याचं. ओलं फडकं गार करून दे चघळायला, आणि चप्पल वर ठेव. हात दिल्यात न्हवं देवानं?" पिल्लू हाताला चावलं की खेळ तिथंच थांबवायचा. "वरडलास तर त्याला वाटतंय, तूबी खेळालास."

आमच्या भुऱ्याची तक्रार वेगळी. मी जवळ गेलो की तो तिथंच मुतायचा. बायकोनं जाहीर केलं, रविवारी ह्याला माझ्या माहेरच्या मळ्यावर पाठवायचं. मुलगी रडत जाऊन सरांना घेऊन आली. सर फरशीवर मांडी घालून बसले, आत साड्या विणणाऱ्या मागाच्या खडखडाटात आमची बोलणी ऐकली आणि म्हणाले, "मागावरची माणसं तुम्ही. लाडानंबी वरडता. पिल्लू घाबरतंय. हळू बोला."

सगळ्यांना पटलं. आमच्या घरचं 'चहा घे' खरंच पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. मी मात्र खाली बघत राहिलो. मनातलं बोलायची मला सवयच नाही. भुऱ्यानं मागावरून उतरवलेल्या साडीचा काठ फाडला, तेव्हा घरात कुणी नसताना मी त्याला चपलेनं मारलं होतं. नंतरही मारलं होतं.

सरांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो आणि सांगून टाकलं.

सर थांबले. "आवाजाला पिल्लू सरावतंय रं. तुझ्या एकट्यासमोर मुततंय, ते दिसलं मला."

"मग सगळ्यांसमोर का बोलला नाही?"

"शाळेत सगळ्यांसमोरच बोलत होतो, मारतबी होतो. शिस्त म्हणत होतो मी त्याला. आजबी मी दिसलो की बाप झालेली पोरं गल्ली बदलत्यात." चष्मा पुसत ते म्हणाले, "जा. भुऱ्याजवळ नुसतं बस. बघू नको, बोलवू नको. हातात भाकरीचा तुकडा धर."

बसलो. रोज संध्याकाळी, भिंतीकडं तोंड करून. बायको म्हणायची, "नवीन जप सुरू केलाय वाटतं!" पण मळ्याचा रविवार तिनं पुढं ढकलला. भुऱ्या आधी लांबूनच बघायचा. मग तुकडा ओढून पळायला लागला. एका संध्याकाळी तुकडा खाऊन तो पळालाच नाही. माझ्या मांडीवर हनुवटी टेकून झोपला. फरशी कोरडी होती. पाय बधिर झाला तरी मी हललो नाही, आणि तसाच बसून बायकोला सगळं सांगितलं.

"चपलेनं?" ती म्हणाली. "मग मळ्यावर तुम्हालाच धाडायला पाहिजे होतं!"

सर आता हुबळीला लेकीकडं असतात. परवा मी फोनवर नवी तक्रार केली, "सर, मी दारात आलो की भुऱ्या उड्या मारतोय. शर्ट फाडला. काय करू?"

पलीकडं सर खोकला येईपर्यंत हसले. "औषध हाय रं त्यावर. पण इतक्यात सांगत न्हाय. थोडं दिवस मारू दे उड्या."