डाव्या डोळ्यावरचा पडदा

दुपारी गद्दीवर पुण्याच्या गिऱ्हाइकासमोर शालू उलगडत होतो. एकाएकी डाव्या डोळ्यावर वरून राखाडी पडदा उतरला. दुखलं काहीच नाही. थंडीत गंगेवर धुकं पसरून पलीकडची वाळू नाहीशी होते, तसा जरीचा पदर बुडाला, गिऱ्हाइकाचं कपाळ बुडालं. मी भाव मात्र सोडला नाही. थोड्या वेळानं पडदा आपोआप वर गेला.

थोरल्या भावाला सांगितलं. तो ब्रह्मा घाटावरचा वैदिक. मी पोथी सोडून कापड धरलं, खांद्यावरच्या गाठोड्यातून दुकान उभं केलं, तेव्हापासून वसंतपूजेला, वेदपठणाच्या बैठकीला, तो मला वैदिकांत बसवत नसे. बाहेर ओसरीवर बसवायचा. ते मला अजून जिरलेलं नाही.

"मंगला गौरीच्या देवळात सूर्य आहे, मयूखादित्य," तो म्हणाला. "त्याला पाठ दाखवलीस तू. रोज अर्घ्य दे."

तांब्याची धार डोळ्यांसमोर धरायची आणि तिच्यातून उगवता सूर्य पाहायचा. एकदा त्या धारेतच पडदा उतरला. सूर्याचा वरचा भाग विरघळला, खालचा केशरी तुकडा पाण्यात तरंगत राहिला. नावा, घंटा, सगळं दूर गेलं.

"दर्शन आहे हे," मी सांगितल्यावर भाऊ हळूच म्हणाला. "आम्हाला कधी झालं नाही." त्या वर्षी वसंतपूजेला त्यानं मला शेजारी बसवलं.

मग डॉक्टरकडे कोण जातो? मी पडद्याची वाट पाहू लागलो.

एके सकाळी पडद्याबरोबर उजव्या हातातला तांब्याही गळून पडला. बोटं परक्याची वाटली. थोड्या वेळानं ती परत माझी झाली, पण बायको ऐकेना. "देव असा हात लुळा करतो का हो? चला मुकाट्यानं!"

डॉक्टरांनी डोळे पाहिले आणि नळी मानेला लावली.

"डोळा दाखवायला आलोय," मी भडकलो. "गळ्याचा माल कशाला काढता?"

"डोळा शाबूत आहे, पंडितजी. मानेच्या रक्तवाहिनीत थर साचलाय. त्याचे कण सुटून डोळ्यात अडकतात. मोठा कण मेंदूत गेला तर हातही जाईल, वाचाही. ऑपरेशन करावं लागेल."

"औषधावर भागवा."

"इथे घासाघीस नाही."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी इस्पितळातल्या खाटेवर पडलो असताना पडदा पुन्हा उतरू लागला. खिडकीतलं आभाळ मऊ राखाडी होत गेलं. भाऊ उशाशी होता. त्यानं हात जोडले.

"दादा, हात कसले जोडतोस! डॉक्टरला बोलाव!"

सोवळं-ओवळं विसरून, धोतर सावरत, माझा थोरला भाऊ लांबलचक वऱ्हांड्यातून धावत सुटला. उरलेल्या डोळ्यानं मी त्याच्याकडे पाहत राहिलो.