बाभळीपासून सात पावलं

आजोबा मरताना एकच वाक्य धड बोलले. खळ्यावरच्या बाभळीपासून सात पावलांवर हाली रुपयांचं गाडगं आहे, एवढं सांगितलं आणि गेले. कोणत्या दिशेला, ते सांगायचं राहिलं. रझाकारांच्या धामधुमीत निजामाचे चांदीचे रुपये मातीत पुरून ठेवणारी घरं केदारखेड्याकडे बरीच होती, त्यामुळे म्हातारा बरळला असं म्हणायचीही सोय नव्हती. माझे काका, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ, तेरावं उरकताच कुदळ घेऊन खळ्यावर गेले. काही निघालं नाही. निघालं नाही म्हणजे कुणीतरी आधीच नेलं, असा त्यांचा तर्क. आणि नेणारा कोण, तर जालन्याला नोकरी करून दोन खोल्या बांधणारा धाकटा भाऊ. म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

तेव्हापासून काकांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. लग्नकार्याला यायचे, मांडवात बसायचे, पण उंबरा ओलांडायचे नाहीत. "हाली रुपयाच्या घरात मी पाणी पेत न्हाई," हे चारचौघांत ऐकवायचे आणि वर जेवायला पहिल्या पंगतीला बसायचे. घर म्हणाल तर दर पावसाळ्यात गळणारं. आम्ही सगळी भावंडं बादल्या मांडत मोठी झालो. चोरीच्या पैशांचं घर इतकं गळकं असतं का, असं मी एकदा काकांना तोंडावर विचारलं होतं, तेव्हा अण्णांनी मलाच दटावलं.

मागच्या वर्षी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी काय मागावं? "दादानं एकदा घरी येऊन पाणी प्यावं. बाकी काई राह्यलं न्हाई माझं." अण्णांना किती दिवस मिळतील ते डॉक्टर सांगत नव्हते, आणि काकांच्या हट्टाला तर औषधच नव्हतं. मग मीच ठरवलं की एकदा हा गाडग्याचा निकाल लावायचा.

टेंभुर्णीला एक माणूस भाड्यानं मेटल डिटेक्टर घेऊन फिरतो हे माझ्या शाळेतल्या शिपायाकडून कळलं. त्याला बोलावलं. गाडगं निघालं तर अण्णा सुटले, इतका सरळ विचार होता माझा. नाही निघालं तर काय, हे डोक्यातच आलं नाही. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलंय मी, आणि अक्कल ही एवढी!

खळं वाटणीत काकांकडे गेलेलं, आणि त्यांनी ते केव्हाच मोडून शेतात घेतलेलं. त्यांना विचारलं तर एका पायावर तयार झाले. "आन मशीन. व्हऊन जाऊ दे दूध का दूध!"

एप्रिल महिना. तूर काढून रान मोकळं पडलेलं, आणि ऊन तर भाकरी भाजेल असं. बाभूळ केव्हाच तुटलेली. ती कुठं होती यावर काकांनी स्वतःच तीन जागा दाखवल्या, तिन्ही खात्रीनं. त्यात सात पावलं कुणाची? आजोबा बुटके, काका ताडमाड. काका ढांगा टाकत मोजायचे, मी म्हणायचे, "काका, बारीक पावलं टाका," तर ते म्हणायचे, "बाप माझा, का तुझा?"

मशीन कुंई करायचं, काका "खांदा!" म्हणायचे आणि मशीनवाला आणि मी खांदायचो. मी पन्नाशीची बाई, पदर खोचून कुदळ हाणतेय आणि काका बांधावर बसून पंचासारखे बघतायत. निघालं काय? बैलाच्या पायाच्या पत्र्या, नांगराचा मोडका फाळ, मोटारीचे बोल्ट, आणि गुटख्याच्या पुड्या. या पुड्यांवर तर मशीनचा भारी जीव. प्रत्येक खड्डा रिकामा निघाला की काका खाली वाकून चिमूटभर माती चोळायचे. "बघ, भुसभुशीत लागून राह्यली. कुनीतरी आधी खांदलंय."

"काका, दरसाल नांगरता तुम्ही. भुसभुशीत नाही लागणार तर काय दगड लागणार?"

"तुला शेतीतलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या डोक्यात उजेड पडला. काही सापडलं नाही तर काकांच्या दृष्टीनं चोरी पक्की होणार होती. बापाला सोडवायला म्हणून मी भाडं भरून त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करत होते. मला स्वतःचाच इतका संताप आला की घरी जाऊन जेवलेसुद्धा नाही. तरी तिसऱ्या दिवशी परत गेले, कारण अर्ध्यावर सोडलं असतं तर "पळाली बघा" हे ऐकावं लागलं असतं.

त्या दिवशी दुपारी काकू भाकरी आणि पाणी घेऊन आल्या. अनवाणी, डोक्यावर दुरडी. आमच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि मशीन असं किंचाळलं की मशीनवाला दचकला.

"मामा, हे लोखंड न्हाई. चांदी हाय, बराबर चांदी!"

काका बांधावरून उठून धावत आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. काकू बाजूला झाल्या, आम्ही कमरेइतकं खांदलं. काही नाही. काकू खड्ड्याच्या पलीकडून वाकून बघायला लागल्या तर मशीन तिकडं किंचाळलं. तिथं खांदलं. तिथंही काही नाही. मशीनवाल्यानं घाम पुसला, काकूंच्या पायांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. काकूंच्या पायात चांदीचे तोडे होते, जुन्या घडणीचे, मनगटाएवढे जाड.

"मावशी, तुमचे तोडे बोलून राह्यले. लांब सरका."

मला हसू आवरेना. काका मात्र खेकसले. "काढून ठेव ते तिकडं."

"निघत न्हाईत. लग्नापासून पायातच हायेत."

"मंग घरी जा. खांदू दे आमाला."

काकूंनी दुरडी खाली ठेवली. "काय खांदता? हेच हाय ते गाडगं."

काकांना कळेना. मलाही कळायला वेळ लागला. काकू मान खाली घालूनच बोलत होत्या. त्यांच्या लग्नाला घरात पैसा नव्हता, आणि व्याह्यांना तोडे कबूल केलेले. तेव्हा आजोबांनीच गाडगं उकरलं आणि सोनाराकडून रुपये गाळून तोडे घडवून घेतले. पोरीच्या माहेरी कळलं तर घर रिकामं झालं म्हणतील, म्हणून आजीनं सुनेला शपथ घातली. नवरदेवाला कोण सांगणार? आणि म्हातारपणी आजोबांचं स्वतःचंच डोकं जागेवर राहिलं नाही.

"आजोबा गेले तेव्हाच सांगायचं होतं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "काकू, माझ्या बापाला सगळं गाव चोर म्हणत होतं. तुम्ही ऐकत होता."

"ऐकत व्हते."

"मग?"

"वाटण्या व्हऊन राह्यल्या व्हत्या, बाई. बोलले असते तर एक तोडा तुझ्या मायच्या पायात गेला असता. मंग लई वर्सं झाली. कोन्त्या तोंडानं सांगावं?"

माझ्या आईच्या पायात शेवटपर्यंत जोडव्यांशिवाय काही नव्हतं. मला काकूंचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. काका मातीच्या ढिगाऱ्यावर बसले ते उठेचनात. मशीनवाल्यानं हळूच विचारलं, "ताई, उद्या यायचं का?"

खळ्यावरूनच फोन करून अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं, रडतील, निदान एक शिवी तरी हासडतील. ते म्हणाले, "दादा वहिनीला काई बोलला का?"

"अण्णा, तुम्हाला राग नाही येत?"

"तू आधी सांग. बोलला का?"

"नाही बोलले."

"मंग ठीक हाय."

अशा माणसाचं काय करावं?

चार दिवसांनी काका सकाळच्या बसनं एकटेच आले. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत येऊन अण्णांसमोर खुर्चीत बसले. माफीचं नाव नाही. वर पाहून म्हणाले, "पंखा आवाज करून राह्यला." मला बोलायचं होतं बरंच, पण अण्णांनी डोळ्यांनीच गप्प केलं. मी पाणी आणायला उठले तर तेही करू दिलं नाही. स्वतः उठले, भिंतीला खांदा घासत माठापर्यंत गेले, तोटीखाली तांब्या भरला आणि सांडत सांडत परत आले. काकांसमोर येऊन मात्र थांबले. उजवा हात लुळा लोंबत होता, तांब्या डाव्या हातात. डाव्या हातानं पाणी थोरल्या भावाला कसं द्यायचं? ते तसेच उभे, तांब्या पुढे करेनात.

"दादा, डावा हाय," अण्णा म्हणाले.

काकांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"वत," ते म्हणाले.