रासुकोंडी सरांची चावी

आमचे सर कोड डिक्टेट करायचे. वाचणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही, म्हणून पुन्हा सांगते. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, जो सगळं जग कीबोर्डवर टाइप करतं, तो आमचे सर शुद्धलेखनासारखा तोंडी सांगायचे आणि आम्ही तो फुलस्केप वहीत पेनाने उतरवून घ्यायचो. "कर्ली ब्रॅकेट ओपन. खालच्या ओळीवर या. चार जागा सोडा." आणि दर दोन ओळींनी, "रासुकोंडी!" तेलुगूत याचा अर्थ 'लिहून घ्या'. वर्गात निम्मी मुलं तेलुगू, उरलेली दखनी बोलणारी आणि मराठी आम्ही दोघीतिघी. पण लिहायचा हुकूम सगळ्यांना तेलुगूतच सुटायचा. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, ते कुणी वाचत नसे. रासुकोंडी सर कुठे बसतात असं विचारलं की हैदराबादेत दिलसुखनगरच्या त्या गल्लीतला इडलीवालाही जिना दाखवायचा.

क्लास गाद्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. आता तिथे मोबाइलच्या कव्हरांचं गोदाम आहे. बाहेर बोर्ड होता: 'सोशल मीडिया एपीआय, शंभर टक्के प्रॅक्टिकल.' आत नऊ कॉम्प्युटर, त्यांतले पाच चालू. मी बी.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होते, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मला हे शिकायचं होतं, आणि व्हिडिओ बघून मला सगळं येतंच अशी माझी खात्री होती. पण बाबांना नामपल्लीच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं, की सर आपल्या नांदेडकडचे आहेत. झालं. आपला माणूस आहे, नीट शिकवेल, म्हणून माझं नाव घातलं गेलं. मी पहिल्या दिवशी बाबांवर चिडून जिना चढले आणि चाळीस दिवस तशीच चढत राहिले.

सरांनी आयुष्यात एकाही कंपनीत नोकरी केली नव्हती. सँडलमध्ये पांढरे मोजे घालणारा माणूस आम्हाला अमेरिकेतल्या कंपनीशी बोलणारा प्रोग्रॅम शिकवणार, याचं आम्हाला फार हसू यायचं. एपीआय म्हणजे काय, ते त्यांनी पहिल्याच दिवशी मला मराठीत सांगितलं होतं. "दुसऱ्याच्या घरात मागच्या दारानं जायचं, पण विचारून. त्यांच्या घरात लोकांचे फोटो आहेत, मेसेज आहेत. आपला प्रोग्रॅम आत जाऊन आपलं काम करून येतो. दार त्यांचं, मर्जी त्यांची." पुस्तकात चार पानांत असलेली गोष्ट माणूस अशी सांगतो, तर याला काय येत असणार, असं मी मैत्रिणीला म्हणाले होते. आम्ही जिन्यात त्यांची नक्कल करायचो आणि ती मला सगळ्यांत चांगली जमायची.

प्रोग्रॅम चालेना, की मुलं एकच कारण सांगायची: "सर, सर्व्हर डाउन है." सरांना या वाक्याचा मनापासून तिटकारा होता. "हौ," ते म्हणायचे, "तुम्हारे वास्ते अमेरिका में लाइटां बंद कर दिए उनों." मग शेजारी उभे राहून पडद्यावरचा एरर मोठ्याने वाचायला लावायचे. पहिल्या चार शब्दांनंतर मुलगा थांबला की त्याच्याकडे अशा नजरेने बघायचे, की तो आपोआप पुढचं वाचायचा. "एरर पूरा पढो. आधा एरर पढनेवाला मेरेकू नक्को." आणि खरंच, सहाव्या-सातव्या ओळीत कुठेतरी कारण लिहिलेलं असायचंच. आम्हाला त्याचं कौतुक नव्हतं. गूगलवर टाकलं असतं तर तेच मिळालं असतं, असं आम्ही म्हणायचो.

वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखायचे, हा त्यांचा आणखी एक छळ. पहिल्यात आलेला एरर, शब्द न गाळता. दुसऱ्यात, त्याआधी आपण काय केलं. तिसऱ्यात, काय बदलल्यावर तो गेला. दुसऱ्या रकान्यावर त्यांचा सगळा राग. तिथे कुणी 'काही नाही' लिहिलं की ते वही मिटून परत द्यायचे. "काही नाही केलं? मग घरी बसून एरर आला का? केलेलं लिही. चोरी केलीस तर चोरी लिही." मी दुसऱ्या रकान्यात खोटंच लिहायचे आणि ते मला चालायचं, कारण माझे प्रोग्रॅम चालायचे.

आता चावी. त्या प्लॅटफॉर्मच्या मागच्या दाराला चावी लागते. अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक ओळ. ती फुकट मिळते, पण लोकांच्या मेसेजना हात लावायचा तर आधी त्या कंपनीची परवानगी हवी. ओळखपत्र पाठवा, प्रोग्रॅम कसा चालतो याचा व्हिडिओ पाठवा, ते नाकारतील, पुन्हा पाठवा. सरांना ती परवानगी सहाव्या खेपेला मिळाली होती. तिचा ईमेल त्यांनी छापून, फ्रेम करून, भिंतीवर गणपतीच्या शेजारी लावला होता. ईमेलची फ्रेम! आम्ही तिच्यासमोर उभे राहून फोटो काढले आणि वर हसरे चेहरे टाकून ग्रुपवर पाठवले.

क्लास चाळीस दिवसांचा आणि परवानगीला त्याहून जास्त वेळ, म्हणून सर आपलीच चावी सगळ्या वर्गाला वापरायला द्यायचे. नोट्सच्या झेरॉक्समध्ये चौथ्या पानावर ती त्यांच्या अक्षरात होती. असं करू नये हे शेंबडं पोरही सांगेल. ते त्यांनाही माहीत असावं, कारण शेवटच्या दिवशी एक विधी व्हायचा. सर प्रत्येकाच्या हातात काळा स्केचपेन द्यायचे आणि बाकांमधून फिरायचे. "चौथं पान काढा. चावी खोडा." कागद उजेडाला धरून बघायचे, अक्षर दिसलं तर पुन्हा खोडायला लावायचे. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "आणि लॅपटॉपमधली?" मी म्हणाले, "खोडली, सर." खोडली नव्हती. कागदावर काळं फासून डिजिटल सुरक्षा सांभाळणाऱ्या माणसाला खरं काय सांगायचं, असं मला वाटलं होतं.

पुढे मला हायटेक सिटीत एका छोट्या कंपनीत नोकरी लागली, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. पहिलंच काम कोठी भागातल्या एका साडीच्या दुकानाचं. त्यांच्या पेजवर कुणी काही विचारलं की आपोआप उत्तर जायला हवं होतं. आमच्या कंपनीचा परवानगीचा अर्ज दोनदा नाकारला गेला, दुकानदाराला दाखवायचा दिवस आला, आणि माझ्या जुन्या प्रोजेक्टमध्ये एक चालणारी चावी पडलेली होती. दोन दिवसांपुरती घातली. लॉगिन करताना दुकानदाराला सरांच्या क्लासचं नाव दिसलं, तर ते आमचे टेक्निकल पार्टनर आहेत असं मी तोंड वर करून सांगितलं. दोन दिवसांचे तीन महिने झाले. चालतंय ना, मग कशाला हात लावा.

दसऱ्याच्या आधी दुकानदाराला हुक्की आली, की आजवर ज्यांनी ज्यांनी पेजवर काही लिहिलं त्या सगळ्यांना सेलचा मेसेज जाऊ दे. हे नियमात बसत नाही, हे मला सरांनी डिक्टेट केलेलं होतं, वहीत माझ्याच अक्षरात होतं. मी मेसेज पाठवले. लोकांनी तक्रारी केल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं ठप्प झालं. मॅनेजर पाठीशी येऊन उभे राहिले. मी पडद्यावरचे पहिले चार शब्द वाचले आणि म्हणाले, "सर्व्हर डाउन आहे."

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर मी तो एरर पूर्ण वाचला. सातव्या ओळीत सरांच्या क्लासचं नाव होतं. तक्रारींमुळे हे ॲप आणि त्याच्या मालकाचं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. मालकाला अपिलासाठी तीस दिवस आहेत. मेसेज दुसऱ्या कुणी पाठवले असतील तर त्या व्यक्तीने तसं लिहून द्यावं. एका ओळखपत्रावर एकच खातं मिळतं, हे मला माहीत होतं. ते गेलं की सरांना पुन्हा चावी नाही, आणि चावीशिवाय त्या बोर्डावरचं शंभर टक्के प्रॅक्टिकल म्हणजे शून्य. त्यांना दुसरं काही शिकवता येत नव्हतं. त्यांचा सगळा क्लास त्या एका ओळीवर उभा होता.

मी काय केलं ते दुसऱ्या रकान्यात लिहायचं तर असं: दुकानाचं काम वाचवलं. कंपनीच्या नाकारलेल्या अर्जांवरचे शेरे काढले, शब्दन् शब्द वाचले, तीन रकाने आखले, आणि तिसऱ्या खेपेला आम्हाला आमची परवानगी मिळाली. मॅनेजरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली, नोकरी पक्की झाली. लिहून दिलं असतं, तर दुसऱ्याची चावी वापरली हे कंपनीला कळलं असतं आणि मी घरी बसले असते. म्हणून दिलं नाही. रोज उद्या सरांकडे जाऊ म्हणत राहिले. मला माझी लाज वाटत होती, आणि लाज वाटत असूनही मी व्यवस्थित जेवत होते.

मी क्लासवर गेले तेव्हा बेचाळीस दिवस झाले होते. सगळ्या कॉम्प्युटरांवर चादरी टाकलेल्या. भिंतीवर गणपती होता, शेजारच्या फ्रेमची जागा रिकामी. वर्ग भरायला अजून वेळ होता. सर एकटेच डबा खात बसले होते.

"ये. बस," ते म्हणाले. "कशाला आलीस?"

"सर, ते साडीच्या दुकानाचे मेसेज..."

"माहीत आहे. कोठीला जाऊन आलो मी. दुकानदारानं तुझं कार्ड दिलं."

"मग फोन का नाही केलात, सर?"

"चावी खोड म्हणून तुझ्यासमोर उभं राहून सांगितलं होतं. अजून किती वेळा सांगायचं?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. मेसेज सरांनी नव्हे, खाली सही करणाऱ्या व्यक्तीने पाठवले, असं त्यावर टाइप केलेलं होतं. सहीची जागा मोकळी. "वाट बघितली तीस दिवस. तुझ्या एररमध्ये क्लासचं नाव आलं असणार. मला वाटलं, वाचलं तर येईल पोरगी. नाही आलीस, तेव्हा समजलो, हिनं आधाच वाचला. पहिल्यापासून तशीच तू."

इथे हो म्हटलं असतं तर मी सुटले असते. त्यांच्या लेखी मी आळशी आणि मठ्ठ ठरले असते, त्याची त्यांना सवय होती.

"पूर्ण वाचला होता, सर," मी म्हणाले. "त्याच दिवशी."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मुलगा चार शब्दांवर थांबला की बघायचे, तसं. पण मला पुढे वाचायला काही नव्हतं. मग त्यांनी तो कागद परत घेतला, नीट घडी घातली आणि खणात ठेवला. मी रडले असते तर बरं झालं असतं, पण रडू आलं नाही.

तेवढ्यात मुलं यायला लागली. मी उठले, तर सर म्हणाले, "बस की. कुठं निघालीस?" मी मागच्या बाकावर एका मुलीशेजारी बसले. ती त्यांची शेवटची बॅच, हे मला नंतर कळलं. पुढच्या उन्हाळ्यात ते निजामाबादला बहिणीकडे राहायला गेले. त्या दिवशी मात्र वर्ग भरलेला होता, कॉम्प्युटर झाकलेले होते आणि सगळ्यांच्या हातात पेन होतं. आम्ही ज्याला हसायचो त्यावरच सर क्लास ओढत होते: सगळे एरर त्यांना तोंडपाठ होते.

"आखरी पन्ने पे जाओ. तीन खाने. पहला," म्हणत सरांनी तोच एरर डिक्टेट केला. माझा. सातही ओळी, कुठेही न अडखळता, स्वतःच्या क्लासच्या नावासकट. मग दुसरा रकाना. "इसके पहले क्या किए? एक स्टुडंट चावी नै खोडी. झूट बोली, के खोड दी. रासुकोंडी." तिसरा रकाना त्यांनी कोरा सोडायला सांगितला.

माझ्या शेजारची मुलगी फटकळ होती. "सर, इत्ती बेवकूफ कौन थी?" तिने मोठ्याने विचारलं आणि वर्ग खदखदून हसला. अगदी आम्ही जिन्यात हसायचो तसा.

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. "बेवकूफ नै थी," ते म्हणाले. "पूरा एरर पढी थी वो. रासुकोंडी."

ती मुलगी ते वाक्यही लिहायला लागली. मी तिच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला, तीन रकाने आखले आणि दुसऱ्यात खरं ते लिहिलं.